मीडिया गावचे दप्तरचोर

८ मार्च १९७१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत होती. दोघेही तोवर एकदाही न हरलेले. फ्रेझर फिलाडेल्फियात राहणारा, त्यामुळे त्या भागात दुसरा विषयच नव्हता. पोलीस, पहारेकरी, शेजारीपाजारी, सगळ्यांचं लक्ष लढतीकडे असणार, असा हिशेब करून काही माणसं फिलाडेल्फियाजवळच्या मीडिया या लहानशा गावात सुटाबुटात, हातात सुटकेसा घेऊन एका इमारतीचा जिना चढली. (गावाचं नावच मीडिया, वर्तमानपत्रांशी त्याचा संबंध नाही.) वर एफबीआयचं छोटं कार्यालय होतं. माणसं खाली उतरली तेव्हा आतली कपाटं रिकामी होती आणि सुटकेसांमध्ये हजाराहून अधिक कागद होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली आणि उरलेल्या वेळात वाचत गेलो. रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय कागद हलता कामा नये, हा नियम अंगात मुरलेला. म्हणून ही हकिकत प्रथम वाचली तेव्हा माझी सहानुभूती कुठे होती ते कबूल करतो : ज्याच्या ताब्यातून दप्तर गेलं त्या कर्मचाऱ्याकडे. पुढे एफबीआयने सार्वजनिक केलेले कागद, सिनेटच्या समितीचे अहवाल आणि पत्रकार बेटी मेड्सगर यांचं या चोरीवरचं पुस्तक वाचलं. तेव्हापासून ती सहानुभूती डळमळीत आहे.

कटाचे सूत्रधार विल्यम डेव्हिडन हे हॅवरफर्ड कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. गणितात त्यांच्या नावाची एक पद्धत आजही शिकवली जाते. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सभा, मोर्चे, सह्यांची निवेदनं हे सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. १९७० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की सभांना येणारी माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत. आपल्यात खबरे पेरलेत असं जो तो म्हणे, पुरावा मात्र कुणाकडेच नसे. परदेशातल्या युद्धाला विरोध करणाऱ्या नागरिकाला सरकार घरातच गप्प बसवत असेल, तर युद्ध चूक आहे हे सांगायला उरणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. पण पुराव्याशिवाय तो विचारणारा माणूस वेडा ठरतो.

त्या काळाचा एक मासला पाहा. किसिंजर यांना पळवून नेण्याचा कट युद्धविरोधी धर्मगुरूंनी आखल्याचा आरोप एफबीआयचे संचालक एडगर हूवर यांनी केला होता. त्या खटल्याच्या आरोपपत्रात डेव्हिडन यांचंही नाव होतं, आरोपी म्हणून नव्हे, पण कटातले म्हणून. आणि ६ मार्चला, म्हणजे चोरीच्या दोनच दिवस आधी, हेच डेव्हिडन व्हाइट हाउसमध्ये खुद्द किसिंजर यांच्यासमोर बसून युद्धावर बोलत होते! भेटीतून निष्पन्न काही झालं नाही.

डेव्हिडन यांच्यासह मंडळी आठ. जॉन रेन्स टेंपल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नी बॉनी पाळणाघर चालवत. घरात तीन लहान मुलं. आपण दोघंही तुरुंगात गेलो तर मुलांना कोण सांभाळणार, हे या जोडप्याने आधीच नातेवाइकांशी बोलून ठरवलं होतं. कीथ फोरसिथ टॅक्सी चालवायचा आणि कुलपं उघडायची विद्या स्वतःच शिकला होता. एक नववा माणूसही होता. सगळं ठाऊक झाल्यावर तो आयत्या वेळी बाहेर पडला, म्हणजे आठ जणांच्या मानेवर कायमची टांगती तलवार.

बॉनी रेन्स कॉलेजातली विद्यार्थिनी बनून त्या कार्यालयात जाऊन आल्या. निमित्त, एफबीआयमध्ये स्त्रियांना नोकरीच्या संधी किती, यावर मुलाखत. केस टोपीत कोंबलेले, हातमोजे शेवटपर्यंत काढले नाहीत. धोक्याची घंटा नाही, कपाटांना कुलपं नाहीत आणि दुसरं एक दार आहे पण आतून जड कपाट लावून बंद केलेलं, एवढं पाहून त्या परतल्या. प्रत्यक्ष रात्री फोरसिथने नेहमीच्या दारावर एक नवंच अवघड कुलूप पाहिलं. शेवटी त्या दुसऱ्याच दाराचं कुलूप काढून, जमिनीवर आडवं पडून, लोखंडी दांडीने त्याने ते कपाट इंच इंच मागे सरकवलं. पडलं असतं तर सगळी इमारत जागी झाली असती.

एका शेतघरात बसून मंडळींनी कागदांची वर्गवारी केली. ते वाचून मला माझ्याच जातीची माणसं भेटल्यासारखं वाटलं. नियमपुस्तिका आणि छापील फॉर्म बाजूला काढले. उरलेल्यात त्यांच्या मोजणीनुसार ४० टक्के कागद राजकीय पाळतीचे, २५ टक्के बँकदरोड्यांचे आणि संघटित गुन्हेगारीचा जेमतेम १ टक्का. राजकीय पाळतीच्या प्रकरणांत दोनशेहून अधिक डाव्या आणि उदारमतवादी मंडळींची होती, उजव्यांची दोन. खऱ्या गुन्ह्यांच्या तपासाचे कागद त्यांनी बाहेर फोडले नाहीत.

पाळतीच्या कागदांत स्वार्थमोर कॉलेजची टेलिफोन ऑपरेटर आणि गावचा पोलीसप्रमुखही खबरे म्हणून भेटतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांवर सरसकट नजर ठेवायच्या सूचना होत्या. एका टिपणात युद्धविरोधकांच्या मुलाखती वाढवायला सांगितलं होतं. कारण असं, की त्यामुळे त्यांचा संशयीपणा बळावेल आणि प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं त्यांना वाटू लागेल. डेव्हिडन यांना सभांमध्ये जाणवलं होतं ते हेच. आता ते सरकारी कागदावर टंकलिखित सापडलं.

प्रती टपालाने रवाना झाल्या. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हे युद्धाचे कडवे विरोधक. त्यांनी आपला संच एफबीआयला परत केला आणि चोरीचा निषेध केला. त्यांना भित्रं ठरवणं सोपं आहे, मी ठरवणार नाही. कायदे करणाऱ्याने चोरीचा माल ठेवून घ्यावा का, हा प्रश्न खराच आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मात्र ॲटर्नी जनरलची विनंती न जुमानता २४ मार्चला बातमी छापली. ती लिहिणाऱ्या बेटी मेड्सगर याच.

पण सगळ्यात मोलाचा कागद त्या बातमीत नव्हता. ती एक साधी चिठ्ठी होती, कागदासोबत टेबलावरून टेबलावर फिरते तशी. विद्यार्थ्यांच्या आंदोलनांवरचा एक लेख शिक्षणक्षेत्रातल्या लोकांना निनावी पाठवावा, अशी सूचना आणि वर एक शब्द : ‘कॉइंटेलप्रो’. अर्थ कुणालाच कळेना. एनबीसीचे वार्ताहर कार्ल स्टर्न हे स्वतः वकील. त्यांनी विचारणा केली, नकार आला. मग माहिती स्वातंत्र्याच्या १९६६ च्या कायद्याखाली ते कोर्टात गेले आणि डिसेंबर १९७३ मध्ये पहिले कागद त्यांच्या हाती आले. १९५६ पासून एफबीआय केवळ पाळत ठेवत नव्हती, तर संघटना फोडणं, निनावी पत्रं पाठवणं, माणसांना आयुष्यातून उठवणं हे सगळं योजनापूर्वक करत होती. नोव्हेंबर १९६४ मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारायच्या काही आठवडे आधी, मार्टिन ल्यूथर किंग यांना ध्वनिफितीसह एक निनावी पत्र पाठवलं गेलं. आत्महत्येशिवाय तुला मार्ग नाही, असा त्याचा रोख होता. तेही याच कारखान्यातलं.

मॅकगव्हर्न यांच्या भूमिकेला मला इथे उत्तर सापडतं, निदान अर्धं. स्टर्न यांचा मार्ग पूर्ण कायदेशीर. पण अर्ज करायला काय मागायचं ते ठाऊक असावं लागतं. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार वापरणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे : फाइलचं नाव ठाऊक नसेल, तर ‘अशी कोणतीही माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. तो एक शब्द कुणीतरी चोरून आणल्यावरच कायद्याला काम मिळालं. उरलेलं अर्धं उत्तर मला सापडलेलं नाही. उद्या दुसऱ्या कुणी, वाईट हेतूने, तेच कपाट सरकवलं तर?

१९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. देशांतर्गत हेरगिरीच्या ५ लाखांहून अधिक फायली एकट्या एफबीआयच्या मुख्यालयात निघाल्या. सीआयएने वीस वर्षांत जवळजवळ अडीच लाख पत्रं फोडली होती. वर्ष लक्षात घ्या. वॉशिंग्टनमध्ये गुप्तहेर संस्थांचे अधिकारी साक्षीला बोलावले जात होते, तेव्हा आपल्याकडे २५ जूनपासून आणीबाणी होती, वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जात होती. डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. आपल्या आणीबाणीच्या चौकशीला, शाह आयोगाला, सरकार बदलावं लागलं.

चोर मात्र सापडले नाहीत. हूवर यांनी सुमारे दोनशे माणसं तपासाला लावली, मुलाखत घ्यायला आलेल्या तरुणीचं रेखाचित्र फिरवलं, झेरॉक्स यंत्रं तपासली. ३३ हजारांहून अधिक पानांची फाइल झाली. मे १९७२ मध्ये हूवर वारले आणि मार्च १९७६ मध्ये, गुन्ह्याची मुदत संपल्यावर, फाइल बंद झाली. आठ जण पुन्हा न भेटण्याचं ठरवून पांगले होते. अनेक वर्षांनी रेन्स यांच्या घरी जेवायला आलेल्या मेड्सगरबाईंची मुलीशी ओळख करून देताना जॉन बोलून गेले, की ते कागद आम्ही यांनाच पाठवले होते. बाई अवाक झाल्या. त्यांचं पुस्तक यायला मात्र जानेवारी २०१४ उजाडला. डेव्हिडन त्याच्या दोन महिने आधीच वारले. आठातली सर्वांत तरुण ज्युडी फाइनगोल्ड चोरीनंतर पश्चिमेकडे निघून गेली होती आणि पुस्तक छापून आलं तेव्हाही ती कुठे आहे हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं.