कात टाकण्याची आज्ञा

आपल्या जुन्या ग्रंथांत भ्रमर-कीटक न्यायाचा दाखला वारंवार येतो. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात अळी कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि त्या गुणगुणण्याच्या अखंड ध्यासाने अळीचीच माशी होते, असा तो दाखला. भक्तीच्या वाटेवर तो गोड आहे. घरट्यात प्रत्यक्ष घडते ते मात्र निराळे. कोंडलेली अळी ही माशीच्या पिल्लाची शिदोरी असते. ती खाऊन पिल्लू वाढते आणि माती फोडून बाहेर पडते. तरीही दाखला रचणाऱ्याचे कुतूहल खरे होते. सरपटणाऱ्या जिवाला पंख फुटतात ते कोणाच्या सांगण्यावरून?

हाच प्रश्न हाती सुरी आणि दोरा घेऊन विचारणारा एक माणूस पोलंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव स्टेफान कोपेच. त्याने जिप्सी पतंगाचे सुरवंट घेतले. अगदी शेवटच्या टप्प्यातले, आणखी काही दिवसांनी कोशात जाणारे. दोऱ्याने त्यांना मधोमध असे आवळले की रक्त अलीकडचे पलीकडे जाऊ नये. गाठ लवकर मारली तर डोक्याकडचा अर्धा भाग कोश झाला आणि मागचा अर्धा सुरवंटच राहिला. गाठ काही दिवस उशिरा मारली तर दोन्ही भाग कोश झाले. मग त्याने मेंदूच काढून पाहिला. लवकर काढला तर सुरवंट जगला, पण कोश झाला नाही. उशिरा काढला तर बिनमेंदूचा सुरवंटही बिनबोभाट कोशात गेला. मज्जातंतूंची साखळी तोडली, तरी काही बिघडले नाही.

याचा अर्थ उघड होता. मेंदू आज्ञा देतो, आणि ती आज्ञा मज्जातंतूच्या तारेवरून न जाता रक्तातून वाहत जाते. 1917 आणि 1922 साली कोपेचने हे प्रसिद्ध केले. परंतु मेंदू हा ग्रंथीसारखा रस स्रवतो, ही गोष्ट त्या काळच्या पंडितांच्या पचनी पडेना. पुष्कळ वर्षे त्याचे निबंध जवळजवळ बेदखल पडून राहिले.

तो धागा पुढे इतरांनी उचलला. इंग्लंडात विगल्सवर्थने रक्तपिपासू ढेकणाच्या एका जातीवर प्रयोग केले. जपानात फुकुदाने 1940 साली रेशमाच्या किड्याच्या छातीतील ग्रंथीचे काम दाखवून दिले. अमेरिकेत विल्यम्सने दोहोंचा सांधा जुळवला. हुकूम सुटतो मेंदूतून, तो पोचतो छातीतल्या ग्रंथीकडे, आणि कात टाकण्याची दवंडी ती ग्रंथी पिटवते. डोक्यामागच्या आणखी एका ग्रंथीतून ‘बालरस’ पाझरतो. तो भरपूर असेतोवर कात टाकूनही अळी अळीच राहते. तो ओसरला की कोश होतो.

हे सारे चालले असता युरोपात महायुद्ध पेटले होते. 7 मार्च 1941 रोजी वॉर्सात पोलिश क्रांतिकारकांनी जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या एका नटाला ठार केले. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी ओलीस धरलेल्या निरपराध माणसांना 11 मार्चला पाल्मिरीच्या रानात गोळ्या घातल्या. त्यांत प्राध्यापक स्टेफान कोपेच होते.

ती दवंडी हाती लागली 1954 साली, आणि तीही जर्मनीतच. ट्युबिंगेन येथे बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी रेशमाच्या किड्यांचे 500 किलो कोश आटवले. हा किडा तोच, ज्याच्या धाग्याची आपली पैठणी विणतात. एवढ्या ढिगातून निघाले 25 मिलिग्रॅम स्फटिक; म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके, दोन कोटी भागांत एक भाग! कात टाकण्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून या द्रव्याचे नाव इक्डायसोन ठेवले. 1965 साली त्याची रचना उलगडली, तेव्हा ते आपल्या शरीरातील कित्येक अंतःस्रावांचेच भाऊबंद, स्टेरॉइड निघाले. गंमत अशी की ते घडवायला लागणारे कोलेस्टेरॉल किड्याला स्वतः बनवता येत नाही. त्याचा कच्चा माल त्याला अन्नातूनच मिळवावा लागतो. तुतीचे पान कुरतडणारी अळी आपल्या पंखांची तरतूदच करीत असते म्हणा ना! या द्रव्याची नक्कल करणारी औषधेही पुढे निघाली. पिकावर ती फवारली की अळी अवेळी कात टाकू लागते, खाणे सोडते आणि मरते.

शाळेत आम्ही मुलांना अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू अशी चार चित्रे काढायला लावतो आणि मधे बाण दाखवतो. अळीकडून कोशाकडे जाणारा बाण मुले एका फटकाऱ्यात ओढतात. त्या बाणावर कोपेचचे नाव लिहायला हरकत नाही. एक सुरी, थोडा दोरा आणि योग्य दिवस ओळखण्याची चिकाटी एवढ्या भांडवलावर त्याने तो बाण प्रथम शोधला, आणि तो खरा ठरलेला पाहायला मात्र त्याला जगू दिले गेले नाही.