मोजणीची काठी व तिचा साज

इतिहासाचे लेखक तलवारीचें पातें बारकाईनें न्याहाळतात; परंतु ज्या काठीनें रयतेचें शेत मोजलें, तिची विचारपूस फारसें कोणी करीत नाहीं. वास्तविक कुणब्याचा सारा ठरे तो त्या काठीवर.

अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त दिलेली हकीकत या दृष्टीनें मननीय आहे. पूर्वीं जमीन दोरीच्या जरीबेनें मोजीत. ही दोरी दंवानें आंखडे व उन्हानें लांबे. म्हणून लबाड लोक ती मुद्दाम दंवांत ठेवीत. ६० गजांची जरीब एका गजानें आंखडली, तर ५९ गज औरसचौरस शेताचाच पुरा बिघा भरे, आणि नसलेल्या ११९ चौरस गजांचा सारा कुणब्यावर बसे. दोरी लांबली तर तोटा सरकारचा. अखेर अकबराच्या १९ व्या राज्यवर्षीं, इ. स. १५७४-७५ मध्यें, वेळूचे तुकडे लोखंडी कड्यांनीं जोडून जरीब करण्यांत आली. कड्यांसारख्या क्षुल्लक वस्तूनें फसवणुकीची एक वाट बंद झाली.

महाराष्ट्रांतील शिवकालीन काठीचें माप सभासदानें दिलें आहे. ती पांच हात पांच मुठींची, म्हणजे ८२ तसूंची. २० काठ्या औरसचौरस तो बिघा, व १२० बिघ्यांचा चावर. हात व मूठ माणसागणिक निराळी असते. तसूंचा आंकडा बांधून दिल्यानें माप मोजणाऱ्याच्या देहापासून सुटलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

इंग्रजी अमलांत ३३ फुटांची, १६ आण्यांची सांखळी आली. सांखळीभर औरसचौरस जागा तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. पण सांखळी लांबी सांगते, काटकोन सांगत नाहीं. त्यासाठीं शंकू हवा: जमिनींत रोवण्याची काठी, आणि तिच्या डोक्यावर परस्परांस छेदणाऱ्या दोन फटी. त्याची परीक्षाही सोपी आहे. दोन फटींतून दिसणारीं दोन निशाणें रोवावीं व डोकें पाव वळसा फिरवावें. पहिल्या फटींत दुसरें निशाण आणलें असतां दुसऱ्या फटींत पहिलें दिसलें, तर शंकू खरा. न दिसल्यास त्यानें काढलेलें प्रत्येक क्षेत्र संशयास्पद.

ही परीक्षा करावयास गणिताची पदवी लागत नाहीं. बांधावर उभा असलेला कुणबीही ती पाहूं शकतो. आमच्या मतें, मोजणीच्या साधनांतील सुधारणेचें खरें महत्त्व येथें आहे. अंमलदाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावांचून ज्यास गत्यंतर नव्हतें, त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळा घेण्याची सोय झाली.