घोडा खातो, म्हणून दात बरे?

घोडेवाल्यांत एक मत पक्के रुजले आहे. घोडा चंदी संपवतो आहे तोवर त्याच्या तोंडात डोकावायचे कारण नाही. रानातल्या घोड्यांचे दात कोण तपासत होते? दात तर जन्मभर वर सरकतात, झीज आपोआप भरून निघते. दातांवर कानस चालवणे हे अलीकडचे खूळ. हे मत अडाण्यांचे नव्हे. वर्षाला दात 2 ते 3 मिलिमीटर वर येतो, हे खरेच आहे.

पण झीज सगळीकडे सारखी होते का? घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड पुरती घासली जात नाही. तिथे धार चढते आणि गाल, जीभ सोलून निघतात. मोकळा घोडा दिवसाचा मोठा भाग चरतो, गवत आडवे रगडतो. चंदी खाताना जबडा तितका बाजूला सरकत नाही आणि तोबरा लवकर रिकामा होतो. मग तबेल्यातल्या जनावराला रानाचा दाखला कसा लावायचा? शिवाय रानात दाढ गेलेला घोडा खंगून मरतो. आपण पाहतो ते उरलेले.

खूळ अलीकडचे? मंगोलियात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोड्यांचे दात कापू पाहिल्याच्या खुणा सापडल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ विल्यम टेलर आणि सहकाऱ्यांनी त्या 2018 साली प्रसिद्ध केल्या.

आता मुख्य मुद्दा. घोडा हे शिकार होणारे जनावर, दुखणे दडवणारे. भुकेपुढे तो दुखऱ्या दाढेनेही चावतो. लिदीत अख्खे दाणे, अर्धवट चावून टाकलेले गवताचे बोळे, ही चिन्हे मोतद्दाराला रोज दिसतात. त्यांचा अर्थ कोणी लावत नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येतो, त्यावर सर्दीचे औषध चालते! वरच्या मागच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या पोकळ्यांना भिडलेली असतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक ओठ उचलून वय पाहते, म्हणजे पटाशीचे दात पाहते. मागच्या 24 दाढा अंधारातच राहतात. फटीत अडकून कुजलेले गवत, हिरडीतला पू, सगळे तिथेच.

अति कानशीने दात तापतो, आतली नस उघडी पडते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पण तो हाताच्या अडाणीपणावरचा आक्षेप आहे, तपासणीवरचा नव्हे. वर्षातून एकदा जबडा उघडा धरून, बॅटरीच्या उजेडात पशुवैद्याने दाढा पाहाव्यात. कानस लावायची की नाही, ते त्यानंतर ठरवावे.