डहाणूवरून जुहूकडे : रेडिओविना टपालविमाने

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादेस बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबे सर्वांच्या स्मरणात आहेत. त्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता आणि वाटेत दिशा दाखवणारे एकही साधन जमिनीवर नव्हते, ही गोष्ट मात्र कथेच्या ओघात मागे पडते.

नकाशावर अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ ओढली, तर सुमारे ४४० किलोमीटरांची ती रेघ डहाणूच्या अगदी जवळून जाते. तिथून जुहू अर्ध्या तासाहून थोडे अधिक. वैमानिकाचा आधार म्हणजे होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा. दिशेत पाच अंशांची चूक शेवटपर्यंत राहिली, तर विमान सुमारे ३८ किलोमीटर बाजूला जाणार : पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस डोंगर.

निरभ्र दिवशी ही चूक जमीन पाहून सुधारता येई. उजवीकडे किनारा, खाली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ, डावीकडे आधी आजच्या तलासरी तालुक्यातील टेकड्या, मग डहाणूची खाडी ओलांडल्यावर महालक्ष्मीचा सुळका. किनाऱ्याचा उपयोग आणखी एका प्रकारे होतो. मुद्दाम थोडे एका बाजूस रोखून उडावे, म्हणजे किनारा दिसताच कोणीकडे वळायचे याचा संशय उरत नाही. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९३१ मध्ये टास्मान समुद्रातील चिमुकली बेटे याच युक्तीने गाठली होती.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्यास येरवड्याला हलवला जाई. म्हणजे ऐन ढगांच्या दिवसांत किनारा सोडून सह्याद्री ओलांडायचा! ढगात शिरल्यावर विमान वळते आहे की सरळ चालले आहे, हे शरीराला कळत नाही. कानातील तोलाची जाणीव खुशाल खोटे सांगते. अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ यंत्रांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवले होते. पण त्यांना जमिनीवरून रेडिओचा संकेत मिळत होता. डहाणूच्या आकाशात तसे काहीच नव्हते.

तरीही नागरी विमान वाहतूक खात्याच्या १९३३-३४ च्या अहवालाने या सेवेला शंभर टक्के वक्तशीरपणाचे श्रेय दिले. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाच. मात्र त्यामागचा धोका एकट्या वैमानिकाचा होता. विमान निघाल्यानंतर मुंबईवर ढग उतरले, तर ती तार अहमदाबादेपर्यंतच पोहोचू शके. डहाणूवर आलेल्या माणसाला ते समोर पाहूनच कळे, आणि परतण्याइतके पेट्रोल आहे की नाही, याचा हिशेब तिथेच करावा लागे.