परगांवचें बिऱ्हाड

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची हकीकत आली आहे, आजवरच्या विगारांची नामावलि आली आहे, आणि घंटा, वेदी व मूर्ति यांचेंही वर्णन आलें आहे. हीं कामें योग्य हातीं सोपविलेलीं असल्यामुळें आम्हांस निराळा विषय घेण्याची मोकळीक मिळाली. रविवारीं ज्या कुटुंबांनीं हें देऊळ भरतें, तीं कुटुंबें येथलीं केव्हां व कशीं झालीं, हा तो विषय होय. तो थोडा नाजूक आहे. ‘आम्ही मूळचे, ते मागाहून आलेले’ हे शब्द सणाच्या मंडपांत, दफनभूमींतील जागेच्या वादांत, आणि कधीं कधीं आमच्या कचेरींतही ऐकूं येतात. म्हणून त्या शब्दांचा इतिहास पाहणें बरें.

पवित्र सभेच्या कायद्यांत वास्तव्यावरून माणसाचे चार प्रकार सांगितले आहेत. कायमच्या वास्तव्याचा तो इन्कोला, म्हणजे रहिवासी. कांहीं काळापुरता राहणारा तो आद्वेना, म्हणजे आगंतुक. आपलें ठिकाण सोडून बाहेर असलेला तो पेरेग्रिनुस, म्हणजे पांथस्थ. आणि ज्याला कोठेंच ठिकाण नाहीं तो वागुस, म्हणजे भटक्या. रहिवासी होण्यास दोन वाटा आहेत. कायम राहण्याच्या इराद्यानें जो येथें येऊन राहिला, तो पहिल्याच दिवशीं येथला होतो. ज्याचा तसा इरादा नाहीं, त्यानें ठराविक वर्षें येथें काढलीं म्हणजे तोही येथलाच होतो. १९१७ च्या संहितेंत ही मुदत पुरीं दहा वर्षें होती. १९८३ च्या संहितेनें ती पांचांवर आणिली. आगंतुक होण्यास तर आतां तीन महिने पुरतात. सेमिनरींत हा भाग बहुधा घाईनें उरकला जातो, परंतु त्यांत औदार्य आहे. हा कायदा नव्या माणसास त्याची भाषा किंवा पूर्वजांचें गांव विचारीत नाहीं. दिवस मोजतो, इतकेंच. शेजाऱ्यांचा कायदा याहून पुष्कळ कडक असतो.

मुंबईंत व आमच्या साष्टींत परगांवच्या कॅथॉलिक बिऱ्हाडांची मोठी भर पडली ती एकोणिसाव्या शतकापासून, गोव्याकडून. तिकडे शेत थोडें आणि खाणारीं तोंडें फार. इकडे गोदी, आगबोटी, साहेब लोकांचीं स्वयंपाकघरें, बँडपथकें, शिंप्यांचीं दुकानें व पावाच्या भट्ट्या. पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे, आणि मुंबईच्या भट्ट्यांवर पुष्कळ काळ गोवेकरांचेच हात राबत होते. गोव्यांतही एक साष्टी आहे; त्या साष्टीचा मनुष्य या साष्टींत आला, तेव्हां गांवाच्या नांवानें तरी तो परका नव्हता. आडनांवानेंही नव्हता. डिसोझा, परेरा, फर्नांडिस हे दोन्हीं ठिकाणीं होतेच. तरी पण रस्त्यावर तो लगेच ओळखूं येई, कारण त्याची बोली निराळी, जेवण निराळें, आणि त्याच्या गांवच्या कित्येक स्त्रियांच्या अंगांत झगा, तर आमच्या बायका लुगडें नेसणाऱ्या.

प्रथम पुरुष एकटाच येई. त्याच्यासाठीं गांवाची कूड असे. कूड म्हणजे कोंकणींत खोली. एका गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून धोबीतलाव, कवेल, डाबूल, माझगांव अशा वस्तींत मोठी खोली किंवा माळा भाड्यानें घ्यावा, भिंतीशीं आपआपल्या पेट्या मांडाव्या, आणि एका टोंकास गांवच्या पालक संताची वेदी उभारावी, अशी ती व्यवस्था. भाडें अगदीं थोडें. बोटीवर काम करणारा खलाशी सफरीवरून परतला कीं येथें पथारी टाकी, आणि पुन्हां बोट मिळाली कीं पेटी तेथेंच ठेवून निघून जाई. रात्रीं वेदीपुढें रोझरीस हजर राहणें हा नियम. गांवच्या संताचा सण येथेंही साजरा होई. धोबीतलावच्या जेर महाल इमारतींत अशा अनेक कुडी शेजारीं शेजारीं नांदल्या. परक्या शहरांत एकट्या तरुणास दारू व सावकार यांपासून संभाळण्याचें जें काम या कुडींनीं केलें, तें आमच्या शंभर प्रवचनांनीं साधलें नसतें, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

परंतु कूड ही पुरुषांची. तेथें स्त्रीला जागा नाहीं, आणि मुलांना तर नाहींच. म्हणून कुडींत राहणारा मनुष्य वीस वर्षें मुंबईंत काढूनही मनानें गोव्यांतच राही. त्याची बायको, त्याचें भाताचें शेत, अंगणांतला क्रूस आणि आईबापांचीं थडगीं सर्व तिकडेच. गंमत अशी कीं, वर सांगितलेल्या जुन्या कायद्याप्रमाणें येथें सलग दहा वर्षें भरतांच तो मुंबईचा रहिवासी होऊन बसे, आणि त्याला त्याचा पत्ताही नसे! खरें स्थलांतर होई तें बायको मुलांना घेऊन आगबोटींतून उतरे त्या दिवशीं. मग कूड सुटे. चाळींत किंवा एखाद्या वाडींत दोन खोल्या घेतल्या जात. गांवाहून आणलेली संताची तसबीर खिळ्याला लागे, आणि पाणी कोठें भरावें, नारळ कोणाकडे स्वस्त, मुलांना कोणत्या शाळेंत घालावें, हें विचारण्यासाठीं त्या बाईला शेजारणीच्या दारांत उभें राहावें लागे. वस्तींत शिरण्याचें पहिलें पाऊल पुरुषानें टाकलेलें क्वचितच दिसतें.

अशा बिऱ्हाडाचा माग जुन्या नोंदवह्यांत लागतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें विवाहांची, आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपिता-धर्ममातांचीं नांवें लिहून ठेवण्याची आज्ञा केली. पुढें १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्रानें आणखी एक नियम घातला, आणि तो १९०८ च्या ईस्टरपासून अंमलांत आला. विवाह कोठेंही होवो, ज्या देवळांत वधूवरांचा बाप्तिस्मा झाला तेथील पाद्र्यास तें कळवावें, व त्यानें आपल्या वहींत त्या नांवाशेजारीं विवाहाची टीप लिहावी, असा तो नियम. म्हणजे मुंबईस लग्न झालें कीं एक पत्र बार्देसला किंवा तिकडच्या साष्टीला जाई, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं लिहिलेल्या ओळीशेजारीं मोकळ्या जागेंत चार शब्द वाढत. कुटुंबानें गांव सोडलें तरी गांवच्या वहीनें कुटुंब सोडलें नाहीं. आमच्याकडूनही अशीं पत्रें जातात व येतात. आतां तीं वसईचीं, नगरचीं, मंगळूरचीं असतात, आणि कधीं आखातांतून आलेलीं.

वह्यांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. नव्या बिऱ्हाडांत पहिलें मूल झालें कीं त्याचीं धर्मपिता-धर्ममाता बहुधा गांवचींच माणसें, कुडींतला सोबती नाहीं तर चुलतबहीण. तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या वेळीं तेथें शेजारच्या जुन्या घरांतल्या कोणाचें तरी नांव येतें. घर विकत घेतल्याची तारीख ज्यांना महत्त्वाची वाटते त्यांनीं ती खुशाल मोजावी. आम्ही ही तारीख मोजतों.

याच्या आड एक अडचण होती, आणि ती पवित्र सभेच्याच घरांतली होती, हें लिहितांना संकोच वाटतो. १७२० मध्यें इंग्रजांनीं मुंबई बेटांतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस काढून कार्मेलाइट पाद्र्यांस आणिलें, आणि तेव्हांपासून पाद्रुआदो व प्रोपागांदा या दोन सत्तांचा लांबलचक तंटा चालला. १८५३ मध्यें बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकल देवळांत स्वतःस कोंडून घेऊन बसले, येथपर्यंत मजल गेली. त्याचीं सर्व वळणें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. बिऱ्हाड मांडणाऱ्यास त्याची झळ लागे ती अशी कीं, गोवेकर पाद्रुआदोच्या अधिकारांतले मानले जात, आणि १८८६ च्या करारानंतरही हा दुहेरी कारभार पुरता संपला नाहीं. त्यामुळें घराजवळचें देऊळ एक आणि आपलें देऊळ दुसरेंच, अशी कित्येकांची स्थिति. एकाच गल्लींतलीं मुलें दोन निरनिराळ्या देवळांत प्रथम कम्यूनियन घेत. १९२८ मध्यें पवित्र सिंहासन व पोर्तुगाल यांच्यांत करार झाला, आर्चबिशप लिमा यांच्या हातीं एकच कारभार आला, आणि जवळचें देऊळ तेंच आपलें देऊळ झालें.

आतां मूळ रहिवाशांविषयीं. एकोणिसाव्या शतकांत आमच्या उत्तर कोंकणच्या ख्रिस्ती लोकांस पोर्तुगीज म्हणत, आणि गोवेकरांसही तेंच म्हणत. नोकऱ्यांसाठीं गोव्याचे व मंगळूरचे लोक येऊं लागले, तेव्हां १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, येथल्या पुढाऱ्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेऊन आपला संघ स्थापिला. त्यांत राजनिष्ठा होती, तशी पोटाची काळजीही होती. आणि आपल्या मुलांच्या भाकरीची काळजी करण्यांत कांहीं पाप नाहीं. मात्र ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, ज्या नांवाचा आम्ही इतका अभिमान बाळगतों, तें नांव परगांवचीं बिऱ्हाडें आलीं म्हणूनच घेण्याची वेळ आली.

आणि मूळचे लोक तरी सदा आपल्याच ओट्यावर बसून होते काय? १७३७ मध्यें साष्टी आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई चिमाजी आप्पांच्या फौजांनीं घेतली. गोरे पाद्री व सरदार घराणीं निघून गेलीं. साष्टींतलीं कांहीं कुटुंबें खाडी ओलांडून इंग्रजांच्या मुलखांत गेलीं. वांद्र्याच्या डोंगरावरील माउलीची मूर्तिही त्या धामधुमींत माहीमच्या सेंट मायकल देवळांत नेऊन ठेविली होती, व १७६१ मध्यें ती परत आली, असें सांगतात. म्हणजे माउलीनेंही वीस-बावीस वर्षें परक्या धर्मग्रामांत बिऱ्हाड केलें. मागें राहिलेल्या गोरगरिबांची काळजी कोणी घेतली? बहुतेक गोव्याहून आलेल्या एतद्देशीय पाद्र्यांनीं. देवळें पडकीं, उत्पन्न नाहीं, अशा काळांत ज्यांनीं आमच्या पणज्यांच्या पणज्यांस बाप्तिस्मा दिला, ते परगांवचेच होते. पुढच्या काळांतलेंही उदाहरण आहे. मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप व भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचे आईबाप गोव्याचे, आणि त्यांचा जन्म १९०० मध्यें कराचीस झाला. त्यांच्यानंतर १९७८ मध्यें त्या आसनावर बसलेले सायमन पिमेंटा हे आमच्या साष्टींतल्या मरोळचे.

एकत्र राहण्यास लोकांना शिकविलें तें पुष्कळ अंशीं संकटांनीं. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला आणि शहरांतलीं बिऱ्हाडें उपनगरांकडे धांवलीं. आपल्या गल्ल्यांतले कित्येक क्रूस त्या सांथीच्या काळांतले आहेत. त्या क्रूसांपुढें संध्याकाळीं लादीन म्हणतांना कोण मूळचा आणि कोण मागाहून आलेला, हें विचारण्याइतकी कोणास फुरसत नव्हती. १९१८ मध्यें वांद्र्यास कॅथॉलिकांची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली, आणि चाळींत आयुष्य काढण्याऐवजीं स्वतःच्या घरापुढें बाग करण्याची आशा कांहीं कुटुंबांस तरी धरतां आली.

दुसरी जोडणारी वस्तु म्हणजे लॅटिन. हें ऐकून तरुण मंडळी हंसतील. परंतु मिस्सा लॅटिनमध्यें होती तोंवर गोव्याची बाई व आगरी वस्तींतली बाई एकाच वेळीं, एकाच बाकावर, सारखीच न समजणारी प्रार्थना ऐकत. परकेपणा देवळाबाहेर पडल्यावर सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें मातृभाषांस दार उघडलें, आणि मराठींत देवाची स्तुति करण्याचा जो आनंद आपणांस मिळाला तो आम्हांस कशाच्याही बदल्यांत द्यावयाचा नाहीं. पण सकाळी सातला मराठी, साडेआठला इंग्रजी, संध्याकाळीं कोंकणी अशीं वेळापत्रकें झालीं, आणि एकाच जिन्यावरचीं दोन कुटुंबें वर्षभरांत सणाखेरीज एकमेकांस देवळांत दिसेनाशीं झालीं. हें नुकसान लहान नव्हे.

शेवटचा धागा दफनभूमीचा. गोव्याच्या गलबतावरून पेटी परत जाई, परंतु प्रेत जात नसे. ज्या वर्षीं घरांतलें पहिलें माणूस या मातींत ठेविलें जाई, त्या वर्षापासून २ नोव्हेंबरला तें कुटुंब गांवीं जाण्याचें टाळी. मेणबत्ती येथेंच लावावयाची असे. म्हणून दफनभूमींत मूळच्यांना आधीं जागा मिळावी, असें कोणी म्हटलें कीं आम्हांस वाईट वाटतें.

आज येणारीं बिऱ्हाडें कूड घेत नाहींत. नगर, जालना, वसई येथून आलेलीं तरुण जोडपीं अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याचा फ्लॅट घेतात, आणि करार संपला कीं कधीं दुसऱ्या विंगमध्यें, कधीं दुसऱ्या स्टेशनाजवळ जातात. १९५२ मध्यें पोप बारावे पायस यांनीं स्थलांतर करणाऱ्यांविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्याचें नांवच ‘एक्सुल फामिलिया’, म्हणजे परागंदा कुटुंब. इजिप्तांत गेलेल्या नाझरेथच्या कुटुंबास त्यांनीं अशा सर्वांचा आदर्श म्हटलें. येशू, मरिया व योसेफ यांच्याजवळ तेथें भाड्याचा करार कितीं महिन्यांचा होता, हें शुभवर्तमानांत सांगितलेलें नाहीं.

अकरा महिन्यांस आमचा कायदा भरपूर मानतो, कारण त्याला तीनच लागतात. तेव्हां ज्यांस येथें तीन महिने झाले असतील, त्यांनीं कुटुंबवहींत नांव लिहविण्यासाठीं कचेरींत यावें. बाप्तिस्म्याचा दाखला जवळ नसल्यास नुसतें गांवाचें व देवळाचें नांव सांगावें. तिकडे पत्र आम्ही लिहूं. आणि जुन्या घरांतल्या ज्या माउल्या आपल्या जिन्यावर नवें बिऱ्हाड आलेलें पाहतील, त्यांनीं त्या बिऱ्हाडाबरोबर कचेरीपर्यंत यावें, अशी आमची विनंति आहे. आमच्या कचेरीचा दरवाजा मागच्या बाजूस असून नव्या माणसास तो सहसा सांपडत नाहीं.