आउटबोर्ड मोटरबोट शर्यती

आउटबोर्ड मोटरबोट शर्यत हा वेगवान नौकांच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. यातील नौकांचे इंजिन नौकेच्या आत बसवलेले नसते, तर मागील फळीवर बाहेरून अडकवलेले असते. अशा इंजिनास ‘आउटबोर्ड इंजिन’ म्हणतात. इंजिन, दांडा, दंतचक्रे आणि पाण्यात फिरणारा पंखा हे सारे त्यात एकत्र जोडलेले असते, आणि बहुतेक लहान नौकांमध्ये संपूर्ण इंजिन फिरवूनच दिशा बदलली जाते. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांना मागे लावलेली इंजिने याच जातीची होत. १९२० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या या शर्यती १९५० ते १९८५ या काळात अमेरिका आणि युरोपात भरभराटीस आल्या. सामान्य ग्राहक दुकानातून विकत घेत असे, जवळपास तेच इंजिन शर्यतीतही धावत असे, हे या काळाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

इतिहास

प्रारंभ

व्यापारी यश मिळवणारे पहिले आउटबोर्ड इंजिन ओले एव्हिनरूड (१८७७–१९३४) यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे तयार केले. ते मूळचे नॉर्वेचे होते. १९०९ मध्ये त्यांनी या इंजिनांचा कारखाना सुरू केला. उन्हाळ्यात पत्नी बेस हिच्यासाठी आइस्क्रीम आणायला ते तळ्यात होडी वल्हवत गेले, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळले आणि त्यातून इंजिनाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. व्यवहाराची बाजू बेस सांभाळत असे.

सुरुवातीची इंजिने ओतीव लोखंडाची व जड होती. १९२० नंतर एव्हिनरूड यांनी ‘एल्टो’ या नावाने, तर इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी स्वतःच्या नावाने ॲल्युमिनियमचा वापर करून हलकी, दोन सिलिंडरची इंजिने बाजारात आणली. वजन घटताच हलक्या नौका पाण्यावर उचलल्या जाऊन पृष्ठभागावरून सरकू लागल्या आणि शर्यतींना खरा अर्थ आला. १९२८ मध्ये आलेले ‘एल्टो क्वाड’ हे चार सिलिंडरचे इंजिन १८ अश्वशक्तीचे होते. १९३० च्या दशकातील महामंदीत ‘एव्हिनरूड’ आणि ‘जॉन्सन’ ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. ही कंपनी पुढे ‘आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन’ अर्थात ओएमसी म्हणून ओळखली गेली.

मर्क्युरीचा उदय

कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील सीडरबर्ग येथे एक बुडीत कारखाना विकत घेतला. तेथे ग्राहकाने नाकारलेली सुमारे ३०० सदोष आउटबोर्ड इंजिने पडून होती. ती दुरुस्त करून विकण्यातून ‘मर्क्युरी’ या नाममुद्रेचा पाया घातला गेला. महायुद्धानंतर आलेले मर्क्युरीचे ‘लाइटनिंग’ हे इंजिन कागदोपत्री १० अश्वशक्तीचे असले, तरी प्रत्यक्षात त्याची ताकद बरीच अधिक होती. त्यामुळे ते शर्यतपटूंच्या पसंतीस उतरले.

१९५७ मध्ये कीकहेफर यांनी फ्लोरिडातील एक निर्जन तलाव चाचण्यांसाठी मिळवला आणि गुप्ततेसाठी त्याला ‘लेक एक्स’ हे नाव दिले. तेथे ‘मार्क ७५’ या सहा सिलिंडरच्या, ६० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांनी अहोरात्र धावत ५०,००० मैलांचे अंतर पूर्ण केले. चालत्या नौकेतच इंधन भरले जाई व चालक बदलले जात.

वैभवाचा काळ

महायुद्धानंतर अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनने ‘स्टॉक’ वर्ग मान्य केला. यात कारखान्यातून आलेले इंजिन फेरफार न करता वापरावे लागे. त्यामुळे प्लायवूडची नौका घरीच बांधून एखादा कामगार किंवा विद्यार्थीही स्पर्धेत उतरू शकत असे. मुलांसाठी नऊ वर्षे वयापासूनचा स्वतंत्र वर्गही होता.

युरोपात १९५५ पासून पॅरिसमध्ये सेन नदीवर सहा तासांची शर्यत होऊ लागली. शहराच्या मध्यातून, पुलांच्या कमानींखालून नौका धावत. १९६४ पासून त्याच नदीवर रुआँ येथे एका बेटाभोवती २४ तासांची शर्यत सुरू झाली. अमेरिकेत ॲरिझोनातील लेक हवासू हे प्रमुख केंद्र बनले. उद्योगपती रॉबर्ट मॅककलक यांचा आउटबोर्ड इंजिनांचाही कारखाना होता. इंजिनांच्या चाचणीसाठी त्यांनी या जलाशयाची निवड केली आणि पुढे तेथे नवे शहर वसवले. लंडनचा जुना पूल विकत घेऊन याच शहरात उभारण्यात आला.

वेगाचे विक्रमही याच काळात झपाट्याने मोडले गेले. सिॲटलच्या ह्यू एंट्रॉप यांनी १९५८ मध्ये मर्क्युरी इंजिनावर ताशी १०७ मैलांहून अधिक (सुमारे १७३ किमी) आणि १९६० मध्ये एव्हिनरूड इंजिनावर ताशी १२२ मैलांहून अधिक (सुमारे १९७ किमी) वेग गाठला. १९८९ मध्ये बॉब वॉर्टिंगर यांनी ओएमसीच्या व्ही-८ इंजिनावर ताशी १७६.५५६ मैल (सुमारे २८४ किमी) वेगाची नोंद केली.

इंजिने व इंधन

त्या काळातील बहुतेक सर्व शर्यती इंजिने टू-स्ट्रोक प्रकारची होती. त्यांत स्वतंत्र झडपा नसतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे उघडतो व बंद करतो. जुन्या इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा असे, जेणेकरून आत येणारे ताजे मिश्रण थेट धुराड्यावाटे निसटू नये. परंतु हा उंचवटा तापत असे व ताकदीवर मर्यादा येई. बर्लिनच्या ‘क्योनिग’ आणि अमेरिकेतील ‘क्विन्सी’ येथील कारागिरांनी सपाट माथ्याचे पिस्टन आणि मिश्रणाला वळसा देणारी छिद्रे वापरून अधिक ताकद मिळवली. हीच रचना पुढे बाजारातील इंजिनांतही आली. ओएमसीने ती १९६८ मध्ये ५५ अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरी इंजिनात वापरली.

खुल्या वर्गांत पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरले जाई. खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही, मात्र एरंडेल मिसळते; म्हणून वंगणासाठी एरंडेल घालत. जळलेल्या एरंडेलाचा वास आणि उघड्या धुराड्यांचा कर्कश आवाज ही त्या काळातील प्रेक्षकांच्या आठवणींतली कायमची खूण ठरली.

नौका व शर्यतीची पद्धत

लहान हायड्रोप्लेन नौकेत चालक गुडघ्यांवर बसून एका हाताने सुकाणू व दुसऱ्या हाताने वेगाची कळ सांभाळतो. कळ सोडताच स्प्रिंगमुळे इंजिनाचा वेग उतरतो. शर्यतीचा आरंभ घड्याळावर होतो. नौका फिरत राहतात आणि काटा शून्यावर येताच रेषा ओलांडतात. आधी ओलांडणारा बाद ठरतो.

इटलीतील कोमो सरोवराकाठच्या आंजेलो मोलिनारी यांनी दोन अरुंद तळांमध्ये बोगदा असलेल्या नौकांचा विकास केला. बोगद्यातील हवेच्या दाबाने नौका उचलली जाते व पाण्याचा अवरोध घटतो. परंतु नाक प्रमाणाबाहेर वर गेल्यास हीच हवा नौका उलटवते.

ऱ्हास

१९७० च्या दशकात ओएमसी व मर्क्युरी यांच्यातील चुरस टोकाला गेली. खास शर्यतीसाठी बांधलेली इंजिने मोजक्याच चालकांना मिळू लागली. ओएमसीने चार रोटरचे वँकेल इंजिनही उतरवले. १९८१ मध्ये फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. आंजेलो यांचे पुत्र रेनाटो मोलिनारी यांनी ते १९८१, १९८३ व १९८४ मध्ये जिंकले. ओएमसीच्या ३.५ लिटर व्ही-८ इंजिनापुढे टिकणे कठीण झाल्याने मर्क्युरीचे संघ दोन लिटरच्या वर्गाकडे वळले.

१९८४ च्या हंगामात एकाहून अधिक चालकांचा मृत्यू झाला आणि प्लायवूडच्या नौका अशा वेगाला पुरेशा नाहीत, हे स्पष्ट झाले. नौका-रचनाकार व शर्यतपटू क्रिस हॉजेस यांनी चालकाभोवती संमिश्र द्रव्याचे मजबूत कवच बसवले व त्यात चालकाला पट्ट्यांनी बांधण्याची पद्धत आणली. पूर्वी अपघातात नौकेबाहेर फेकले जाणेच सुरक्षित मानले जाई. त्यामुळे अनेकांनी आरंभी यास विरोध केला. नौकेचे तुकडे होऊनही चालक वाचू लागले, तेव्हा मत बदलले.

पुढे प्रदूषणविषयक नियमांमुळे जुन्या धाटणीची टू-स्ट्रोक इंजिने बाजारातून मागे पडली. ओएमसी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन नव्या मालकाने २०२० मध्ये थांबवले. दुकानातील इंजिन आणि शर्यतीतील इंजिन यांचे जुने नाते त्यापूर्वीच क्षीण झाले होते.

वारसा

अमेरिका व युरोपात जुन्या इंजिनांचे संग्राहक ती दुरुस्त करून चालवतात आणि जुन्या नौकांची प्रात्यक्षिके भरवतात. स्टॉक वर्गाच्या शर्यती अमेरिकेत आजही होतात. भारतात मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर ‘पी१’ मालिकेतील शर्यत झाली, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये फॉर्म्युला वन मालिकेची शर्यत आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ, महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा नदीच्या पात्रात झाली.