जीर्ण तंतुकणिकांची विल्हेवाट : एका प्रश्नाचा इतिहास

मनुष्याच्या पावलापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा अक्षतंतू सुमारे 1 मीटर लांब असतो. तिची पेशीकाया मात्र पाठीच्या कण्यापाशी असते. अशा तंतूच्या टोकाशी ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, जीर्ण झाल्या तर त्यांचे काय होते? या प्रश्नाचा इतिहास पाहू जाता असे दिसून येते की, निरीक्षणाची रीत जसजशी बदलली तसतसे उत्तरही बदलत गेले.

1898 साली कार्ल बेंडा यांनी या कणांस नाव दिले ते रंजित, मृत ऊतकांच्या अभ्यासावरून. तेथे गती दिसणे शक्यच नव्हते. 1915 साली मार्गारेट व वॉरेन लुईस या दांपत्याने जिवंत ऊतकसंवर्धनात हेच कण हलताना पाहिले. 1948 साली वाइस व हिस्को यांनी चेता आवळली असता आवळणीच्या अलीकडे, पेशीकायेच्या बाजूस, फुगवटा आला. त्यावरून पेशीकायेकडून टोकाकडे द्रव्य सतत वाहते, हे स्पष्ट झाले. या वाहतुकीची यंत्रणा पुढे उलगडली : 1985 साली टोकाकडे नेणारे कायनेसिन, आणि 1987 साली उलट दिशेने आणणारे डायनीन.

येणेप्रमाणे वाट दुहेरी ठरली. तेव्हा जीर्ण तंतुकणिका परत आणून नष्ट होत असाव्यात, हे अनुमान साहजिकच होते. पेशी स्वतःचेच घटक पचविते, या क्रियेस द दूव यांनी 1963 साली आत्मभक्षण हे नाव दिले होते. 2008 साली नरेंद्र, युल व सहकाऱ्यांनी दाखविले की, आनुवंशिक पार्किन्सन विकाराशी निगडित असलेले पार्किन हे प्रथिन बिघडलेल्या तंतुकणिकांवर जमते व त्यांचे भक्षण घडविते. 2012 साली अशा चिन्हित तंतुकणिका मुख्यतः पेशीकायेपाशी आढळल्या. 2014 साली त्या अक्षतंतूतच जागच्या जागी नष्ट होतानाही दिसल्या. त्याच वर्षी उंदराच्या दृक्‌चेतेत शेजारच्या तारकापेशी हे काम पत्करतात, असेही निदर्शनास आले.

परंतु खरा धक्का 2018 साली बसला. पार्किनला पाचारण करणारे पिंक-1 हे प्रथिनच नसलेल्या उंदरांत व फळमाश्यांत तंतुकणिकांचे नित्याचे भक्षण जवळजवळ पूर्ववत चालू होते! विषप्रयोग केलेल्या संवर्धित पेशींत जे आढळले, तो जिवंत चेतेचा नित्यक्रम नव्हे, हे मान्य करणे भाग पडले.

नागपुरातील अभ्यासकांस या संदर्भात मुंबईतील कार्य विशेष जवळचे वाटावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1962 साली ओबैद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा पाया घातला. त्याच संस्थेतील संध्या कौशिका व सहकाऱ्यांनी 2021 साली, सुमारे 1 मिलिमीटर लांबीच्या जिवंत सूत्रकृमीत एकाच वाढत्या चेतापेशीचे 36 तास निरीक्षण केलेले प्रसिद्ध केले. दोन तंतुकणिकांमधील अंतर ठराविक मर्यादेपलीकडे गेले की मध्ये नवी तंतुकणिका येते, असे त्यांस आढळले. हा अभ्यास भरतीचा आहे, विल्हेवाटीचा नव्हे. तथापि भरतीचा नियम कळल्यावाचून घटीचा हिशेब मांडता येत नाही.

सारांश, पार्किन्सन विकारावरील उपायाचा विचार करताना प्रथम विचारावयाचे ते हे की, पुरावा कोणत्या पेशीतून व कोणत्या अवस्थेत मिळाला आहे.